बांधाकडचा न तोडलेला ऊस

मी हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमचे सर हयात होते तेव्हा त्यांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या कॉलेजच्या सामानखोलीत एक लोखंडी मांडणी आहे. तिच्या खालच्या फळीवर पुठ्ठ्याच्या पेट्या आहेत, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात नंबर. एका जुन्या पांढरीतून निघालेल्या तान्ह्या मुलांची हाडं त्यांत आहेत. तीन हजार वर्षांहून जुनी मुलं. त्यांतल्या एका पेटीतलं मूल मात्र त्यांच्यातलं नाही. त्याची आई जिवंत आहे. उंब्रजच्या पलीकडे नदीकाठच्या एका गावात ती राहते, आणि दर वर्षी मला काकवीची बाटली पाठवते.

हंगाम सुरू झालाय. इस्लामपूरच्या रस्त्याला लागलं की पुढे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, वर कर्कश गाणी, मागे लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी. रस्त्यावर पडलेला ऊस चाकांखाली चेंगरून चेंगरून चोथा झालेला असतो. संध्याकाळी वारा फिरला की मळीचा वास येतो. गाडीच्या काचा वर कर म्हणून बायको सांगते. मी करतो. मला त्या वासाचं काही होत नाही. पूर्वी व्हायचं का, तेही आता आठवत नाही.

ती पांढरी आम्ही खणली त्या वर्षीचा हंगाम मात्र तपशिलासकट आठवतो. कसा, तर एखाद्या काम झालेल्या वस्तूची मापं आठवतात तसा.

नदीकाठच्या गावांना पांढरी असते. जुनी वस्ती कधीतरी उठून गेली, भिंती बसल्या, राख आणि शेणमाती पिढ्यान्‌पिढ्या साचत गेली, आणि तिथली माती पांढुरकी, मऊ झाली. शेतकरी ती माती गाड्या भरभरून नेतात, रानात टाकतात. पीक चांगलं येतं. खतासाठी पांढरी उकरताना कुणाला घडवलेला दगड मिळतो, कुणाला नक्षीचं खापर. असंच एक खापर आमच्या सरांपर्यंत आलं आणि रीतसर परवानग्या निघून आम्ही त्या गावात गेलो. ज्या रानाखाली पांढरी पसरली होती ते फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं. खोडव्याचा ऊस नुकताच कारखान्याला गेला होता, खोडक्या काढून रान मोकळं ठेवलं होतं. पुढची लागण होईपर्यंत खणा, म्हणाले. थंडीचे ते महिने आम्ही त्यांच्याच गोठ्याशेजारच्या पडवीत राहिलो.

कामाला गावातलीच माणसं. पहिल्या दिवसापासून चेष्टा.

"सायेब, सोनं गावलं का न्हाई अजून?"

"हाडं मिळाली."

"मग त्यासाठी लांब कशाला आलासा? माझी बघा की. समदी मोजून घ्या, वरनंच दिसत्यात."

"ह्याची नगा घिऊ सायेब," दुसरा म्हणायचा, "ह्याची आतनं पोकळ हायती. कामाला लावून बघा."

मी हसायचो. मी सांगलीचा, जैन व्यापाऱ्याच्या घरातला. आमच्या घरात कांदा, बटाटा, मुळा काही येत नाही; जमिनीखाली वाढतं ते उपटताना जीव मरतात म्हणून. आई कपाळाला हात लावायची. "जमिनीतलं खात नाही आपण, आणि हा जमीन उकरूनच पोट भरतो." तिला मी सांगायचो की आम्ही कुदळ जपून मारतो. शेवटी तर लाकडी काडी आणि रंगाचा ब्रश. ती म्हणायची, "झोपलेल्याला ब्रशनं उठवलं तरी उठवलंच की रे."

त्या पांढरीत राहून गेलेली माणसं लोखंड न पाहिलेली. तांब्याची थोडी हत्यारं, बाकी दगडाची पाती. कुडाच्या भिंती, चोपलेल्या मातीच्या जमिनी, जव आणि कुळीथ, गाईगुरं. त्यांचं लिहिलेलं काही नाही, त्यामुळे ती कशी होती ते त्यांच्या हाडांनाच विचारावं लागतं. डोळ्यांच्या खोबणीचं छत चाळणीसारखं झालेलं असलं तर अंगात रक्त कमी होतं. दातांवर आडव्या रेघा असल्या तर लहानपणी उपासमार झाली, किंवा आजारपण. अंगावरचं दूध सुटायच्या वयात या रेघा फार. म्हणजे दूध तुटलं की मुलं खंगायची. एवढं कळतं. त्या वेळी आई काय करायची, ते कळत नाही.

मोठ्या माणसांना ते उताणं पुरत, आणि घोट्यापासून खाली पाय तोडत. मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून असेल, असं सर म्हणत. नक्की कुणालाच माहीत नाही. पहिला असा सांगाडा निघाला तेव्हा हवालदार खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या पलटणीतबी असंच करायला पायजे हुतं. निम्मी पोरं रजा घिऊन पळून जायची." खाली माणसं हसून हसून लोळली. सरसुद्धा हसले.

आणि तान्ही मुलं घरात. घराच्या जमिनीखालीच खड्डा करून, दोन करड्या मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, आडवी ठेवलेली. चुलीपासून हातभर अंतरावर. वर जमीन सारवून टाकायची आणि रोजचा स्वैपाक त्याच घरात सुरू. त्यांना लांब पाठवायचं नसे. पहिलं जोडमडकं उघडलं तेव्हा माझ्या हाताला कंप होता, हे खरं आहे. कवटीची हाडं पापडासारखी, आतल्या मातीला चिकटून मोडलेली. पुढे पुढे कंप गेला. हे कामच असं आहे की कंप गेल्याशिवाय होत नाही. माझी मुलगी त्याच सुमाराला झालेली. सुट्टीला सांगलीला गेलो, आईनं तेल लावायला माझ्या मांडीवर दिली. मी तिची मांडी हातात धरली आणि हे हाड किती मिलिमीटर भरेल, तो आकडा मनात आला. दुसरं काही आलं नाही. आईनं विचारलं, "काय रे, असा काय बघतोस?" मी म्हटलं, काही नाही, तेल सांडेल.

हवालदारांच्या बायकोला आम्ही हिराकाकी म्हणायचो. उंच बाई, बोलणं कमी, चालणं भराभर. मी कांदा खात नाही हे कळल्यावर माझ्यासाठी वेगळी आमटी करायची. मला मास्तर म्हणायची, का कोण जाणे. "मास्तर, तुमी कांदा खाईत न्हाई आन्‌ मढी उकरता. तुमच्या देवाला चालतं व्हय?" मी म्हटलं, चालत नसेल. "मग?" मग काय, काकी, पोट आहे. "त्ये हाय," म्हणाली, आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

खणायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात ती एकदा रानात आली. बांधाकडे हात करून म्हणाली, "त्या अंगाला हात लावू नगा, मास्तर."

"का हो काकी?"

"नगा लावू म्हंजी नगा. तिकडं आमचं हाय."

"काय आहे?"

"हाय की आपलं."

बांधापलीकडे हवालदारांच्या चुलतभावाचं रान. आमच्याकडे बांध म्हटलं की भाऊबंदकी. वीतभर जमिनीसाठी तीन पिढ्या एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. मी धरून चाललो की वाद असणार, आपण मध्ये पडू नये. तिनं सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. मी याच मुलखातला. गेलेल्या तान्ह्या मुलाबद्दल आमच्याकडे बायका कशा बोलतात, ते मला ठाऊक होतं. बोलतच नाहीत. "हाय आपलं" म्हणतात. आणि दिवसभर मी करत काय होतो, तर घरच्यांनी आपल्याच जागेत ठेवलेली तान्ही मुलं मोजत होतो. तरी मला ते सुचलं नाही. की सुचलं आणि मी बाजूला ठेवलं, हे आता प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

शेवटी शेवटी एका घराची जमीन लागली. छान चोपलेली, एका बाजूला चूल, मधे खांबाचे खळगे. ती जमीन थेट बांधाकडे चालली होती. घराची कडा मिळाली नाही तर घर अर्धंच राहतं. लागणीची वेळ जवळ आलेली, हवालदार बेणं ठरवून बसले होते. काकी भाच्याच्या लग्नाला इस्लामपूरला गेली होती. मी हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, "खणा की. तिकडं काय न्हाई."

"काकी नको म्हणाल्या होत्या."

"आवं, जमीन माझ्या नावावर. तिचं काय ऐकता! फकस्त तिला सांगू नगा, न्हाईतर मला जेवाण मिळायचं न्हाई." आणि डोळा मारला.

आम्ही बांधाच्या कडेला गेलो. नांगर पोचत नाही अशी ती जागा. वरच्या थरातच मातीत एक गोल डाग दिसला, भोवतालच्या मातीपेक्षा काळपट आणि भुसभुशीत. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात. असा डाग म्हणजे नंतर कुणीतरी वरून खड्डा केला आहे. तिथे थांबायचं, तो खड्डा वेगळा धरायचा, त्याची माती वेगळी काढायची. जुन्यात नवं मिसळू द्यायचं नाही. मी डाग पाहिला. शेजारच्या माणसानं विचारलं, "सायेब, हितं माती सुटी लागतीया, काय हाय?"

मी म्हणालो, "उंदराचं बीळ असेल. घ्या काढून."

खाली एक मडकं निघालं. एकच, आणि जोडीला दुसरं नाही. तोंडावर मातीचा परळ उपडा. काठ फुटलेला, मातीनं लडबडलेला. बाकीची करडी, हे तांबूस. सर आनंदले. वस्तीच्या कडेला वेगळ्या पद्धतीचं दफन, म्हणाले. काळपट डागाचं मी त्यांना सांगितलं नाही. मडकं मातीसकट उचललं, कापडात बांधलं, नंबर घातला. लगोलग खड्डे बुजवले. ट्रॅक्टर फिरला.

काकी परत आली ती लग्नातली पोळी आणि लाडू घेऊन. आमचं सामान टेम्पोत चढत होतं. तिनं रानाकडे पाहिलं, सगळं सपाट. मग मला बाजूला घेतलं.

"तिकडं हात लावला न्हाई न्हवं, मास्तर?"

हवालदार माझ्या मागे उभे होते. त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. त्यांना वाटत होतं ही नवरा-बायकोतली गंमत आहे. मलाही त्या क्षणी तेवढंच माहीत होतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

"नाही काकी," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातात लाडवाचा डबा दिला.

पावसाळ्यात प्रयोगशाळेत मी ते मडकं उघडलं. बाहेर कृष्णेचं पाणी वाढत होतं, घाटावरचे लोक सामान हलवत होते, सगळ्या शहराचं लक्ष तिकडे. मी दाराला कडी लावून माती काढत बसलो. बोटाएवढी हाडं. मनगटाच्या जागी एक काळा मणी. त्या काळच्या मुलांच्या अंगावरही मणी असतात, म्हणून मी तो ब्रशनं झाडून घेतला. तर मण्यातून दोरा आला. सुताचा असता तर केव्हाच कुजून गेला असता. हा नायलॉनचा होता. काळा, बारीक, गाठ मारलेला. नजर लागू नये म्हणून बांधतात तो.

मला सगळं एकदम समजलं. तिकडं आमचं हाय.

इथून पुढचं सांगायला सगळ्यात जड जातं. समजल्यावर मी उठलो नाही. सर एका सभेत त्या दफनाबद्दल बोलून आले होते, माझ्या प्रबंधाच्या एका तक्त्यात ती मापं बसायची होती. मी दोरा आणि मणी पुन्हा हाडांजवळ ठेवले आणि काम पुढे चालू केलं. तान्ह्या मुलाच्या जबड्यात हिरडीखाली दातांच्या कळ्या असतात. मूल जन्मतं तेव्हा त्या कळीत एक बारीक रेघ पडते. जन्माची रेघ. आईच्या पोटातून बाहेर आल्याचा धक्का दातात लिहिला जातो. रेघेनंतर जे वाढलेलं असतं त्यावरून मूल किती जगलं ते कळतं. ती पाहायची तर कळी कापावी लागते. तपासायच्या कळ्यांत आता याच मुलाची पाळी होती. मी ती कापली. काचपट्टीवर घेतली, भिंगाखाली पाहिली. रेघ होती. तिच्यापुढे अगदी थोडी वाढ. म्हणजे पाचवी झाली असेल. बारशापर्यंत पोचलं नव्हतं.

मूल मुलगा होतं की मुलगी, हे इतक्या लहान हाडांवरून सांगता येत नाही. त्या रकान्यात मी 'अनिश्चित' लिहिलं. नावाचा तर प्रश्नच नव्हता. बारसं न झालेल्याला माझाच नंबर तेवढा मिळाला.

त्यानंतर त्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. पुढच्या हंगामात हवालदारांच्या बोलावण्यावरून मी गेलो. तोडीची टोळी आली होती, अर्धं रान मोकळं झालेलं. बांधाच्या कडेला एक बेट, म्हणजे एकाच मुळाचे आठ-दहा ऊस, न तोडता उभं होतं. वाऱ्यानं पानं सळसळत होती. मी हवालदारांना विचारलं तर म्हणाले, "ते हिचं असतंय. टोळीला आधीच सांगून ठेवती, त्या बेटाला कोयता लावू नगा. लगीन झाल्यापास्नं बघतोय, रान मोकळं असंल तेवढं एक वरीस सोडलं तर कवा चुकलं न्हाई. देवाचं असंल काय तरी."

आम्ही गेलो होतो ते तेवढं एक मोकळं वर्ष. ते बेट उभं असतं तर मी विचारलं असतं का? कोण जाणे. त्या दिवशी मी बेटाकडे पाहत राहिलो आणि मला फक्त पाय गार पडल्यासारखे वाटले. नुकतंच पाणी दिलं होतं, चिखल होता. तेच कारण असेल.

मग काकवी यायला लागली. गुऱ्हाळाची पहिली काकवी बाटलीत भरून कुणाच्या तरी हाती पाठवते, "मास्तरांस्नी द्या" म्हणून. घरात सगळ्यांना आवडते. मुलगी तर वाटीभर नुसती खायची. मला तिची चव लागत नाही; हेही मी कधी बोललो नाही, खातो आणि चांगली आहे म्हणतो. पर्युषण संपलं की आमच्यात सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. देवळातून बाहेर पडलं की जो समोर येईल त्याला हात जोडायचे. कळत-नकळत काही दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. आता हे फोनवरच होतं, एक मजकूर सगळ्यांना एकदम जातो. मी तो हिराकाकीच्या मुलालाही पाठवतो. सुभाष फौजेत आहे. तो उत्तरादाखल अंगठा पाठवतो.

हवालदार गेले त्याला काही वर्षं झाली. नदीवर नेलं, मीही गेलो होतो. तिसऱ्या दिवशी राख सावडताना सुभाष म्हणाला, "सर, तुमी जरा लांब ऱ्हावा, न्हाईतर हाडं बघून वय सांगाल." सगळे हसले. हवालदारांना आवडलं असतं.

यंदा हंगामाच्या तोंडाला सुभाषचाच फोन आला. आई पडली, खुबा मोडला होता, आता बरी आहे पण उठत नाही, तुमची आठवण काढते. मी गेलो. तीच पडवी. काकी खाटेवर, अंगावर गोधडी. एवढी उंच बाई अंथरुणात फार थोडी जागा व्यापत होती.

"आलासा मास्तर. कांदा खाता का न्हाई अजून?"

"नाही काकी."

"मग मढी?"

"ती पण आता दुसरे उकरतात. मी शिकवतो."

सुभाष रजेवर होता. यंदा टोळी मिळत नाही म्हणून तोडणीचं मशीन येणार, त्यासाठी बांध सरळ करून घ्यायचा, कडेचं सगळं काढायचं. मायलेकांत त्यावरून चाललेलं दिसत होतं. "आवं सर, मशीन काय बेट बघून थांबतंय व्हय? हिला किती सांगितलं. देवाचं असंल तर दगूड ठेवू, शेंदूर लावू. ऊसच पायजे म्हणती."

काकी म्हणाली, "सुभ्या, च्याचं बघ जा." तो गेल्यावर मला जवळ बसायला सांगितलं.

"मास्तर, तुमी जमिनीतलं जाणता. म्हणून तुमाला सांगती. तिकडं माझी पोरगी हाय."

मी घसरलेली गोधडी तिच्या पायांवर ओढली.

"पहिलटकरीण हुते मी. ह्ये सीमेवर. पाचवी पुजली आन्‌ दुसऱ्या दिवशी अंग गार पडलं तिचं. सासूनं नवं मडकं काढलं, परळ झाकला. नदीला नगं म्हणलं मी, लांब हाय. हितं बांधाला ठेवली. ह्यांनी आल्यावर कवा इचारलं न्हाई कुटं ठेवली, मी कवा सांगितलं न्हाई. पोरगी हुती. नाक माझं हुतं." तिनं आपल्या नाकाला बोट लावलं. "वर ऊस लावला. गोड लागंल म्हणलं तिला. हसू नगा."

मी हसत नव्हतो. पण रडतही नव्हतो, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "तुमाला काय वाटायचं न्हाई, तुमी असलं लय बघितलंय. म्हणूनच बरं. दुसऱ्या कुणाला सांगाय गेलं की रडत्यात. माझं एवढं काम करा. सुभ्याला सांगा बेट राखायला. तुमचं ऐकंल तो. आन्‌ माझं झालं की माझी राख नदीत नगं. तिच्यापाशी. एवढी वर्सं एकटी हाय ती."

चहा आला. मी बशीत ओतून पीत नाही, त्या दिवशी ओतला. मग सुभाषला बाहेर रानाकडे घेऊन गेलो. ऊस डोक्याच्या वर गेलेला, तुरे आलेले. बांधापाशी उभं राहून मी त्याला सांगितलं की हे बेट राहू दे, मशीन इथून वळव. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"खाली काय हाय का, सर? तुमच्यातलं?"

त्यानं 'तुमच्यातलं' हाच शब्द वापरला.

"आई सांगेल," मी म्हणालो.

"तुमी म्हणता तर ठेवतो," तो म्हणाला. पायानं एक ढेकूळ फोडलं. "राखंचंबी सांगितलं असंल तिनं. मला वाटलं म्हातारपणाचं खूळ. पण तुमीच म्हणता तर..."

म्हणजे माझ्या शब्दावर यंदाही ते बेट उभं राहील. माझ्याच शब्दावर उद्या काकीची राख तिथे जाईल, मुलीपाशी म्हणून, रिकाम्या जागेत. परतताना गाडीत काकवीची बाटली होती. सुभाषनं मागच्या सीटवर ठेवली होती, वळणावर लवंडू नये म्हणून तिला पट्टा लावला होता.

सांगलीला आल्यावर मी घरी न जाता कॉलेजात गेलो. सामानखोली उघडून पेटी काढली. हाडं तशीच, दोरा तसाच, गाठ तशीच. 'अनिश्चित' हा शब्द पाहिला. पेन खिशात होतं. ते तिथेच राहू दिलं आणि पेटी पुन्हा जागेवर ठेवली. तो रकाना दुरुस्त करणं हे काही काम नव्हे. ज्यांनी मुलांना चुलीशेजारी ठेवलं त्यांच्या मुलांत मी हिला ठेवून दिलं आहे, आणि खरं तर त्यात परकं काहीच नाही. त्यांनाही लांब पाठवायचं नव्हतं, हिलाही नव्हतं. लांब मी आणली.

हा लेख छापून यायच्या आधी मला उंब्रजच्या पलीकडे जायला हवं. सुभाषची बायको काकीला पेपर वाचून दाखवते, आणि हे काकीनं तसं ऐकू नये. तिनं एकदा मला एक प्रश्न विचारला होता. मी 'नाही काकी' म्हणालो होतो. तिथून सुरुवात करावी लागेल, 'होय काकी, लावला' असं म्हणून. पुढे ती काय म्हणेल, मला माहीत नाही. मी काय म्हणेन, तेही नाही.

हिराकाकींची मुलगी माझ्याकडे आहे. पेटीत आहे ती सगळी, आणि काचपट्टीवर आहे तेवढा दातही. ती मला त्यांना परत द्यायची आहे.